खिळ्याची जागा

१

बातमी आली तेव्हा मी किटली घासत होते.

आमच्याकडचं पाणी जड आहे. थोड्या दिवसांत किटलीच्या तळाशी पांढरी पुटं चढतात, मग व्हिनेगर ओतून ती उकळावी लागते. हे काम धाकटीचं. ती कामावर बाहेर असली की किटली तशीच राहायची, कारण पुटं तीच काढणार असा तिचा हट्ट होता. खवल्यासारखा एक तुकडा ती अलगद सोलायची, भिंगाखाली धरायची आणि आईला सांगायची, "हे बघ, इथे तू आजारी होतीस. घरात चहा कमी झालाय. थर पातळ."

आई म्हणायची, "हो का? मग तेव्हा भांडी कोण घासत होतं, तेही दिसतंय का बघ."

त्या सकाळी चहाला खवट वास आला म्हणून मी वैतागून स्वतःच घासायला घेतली. टेबलावर माझ्या पुस्तकाची प्रुफं पडली होती. मी मुलांसाठी विज्ञानाची पुस्तकं लिहिते. त्यातलं 'दगडांची गोष्ट' हे प्रकरण धाकटीने तपासायचं राहिलं होतं. आई पलंगावर बसून मोजे दुमडत होती.

फोन कंपासचा होता. तो धाकटीबरोबर काम करायचा. चहाची टपरी कुठे आहे असं विचारलं तरी हा माणूस आधी उत्तर दिशा दाखवतो, म्हणून तिनेच त्याला हे नाव ठेवलं होतं.

"ताई," तो म्हणाला आणि थांबला. मागे कुणीतरी मोठ्याने हुकूम सोडत होतं. "ताई, भिंत आली."

"कुठली भिंत?" मी विचारलं. कुठली ते मला माहीत होतं. खाणीतली ती भिंत खाली येणार आहे हे धाकटीने मला सांगितलं होतं. तिच्या साहेबांनाही सांगितलं होतं.

"ताई, तुम्ही बसलेल्या आहात ना?"

मी उभी होते. हातात व्हिनेगरने ओला झालेला काथ्या होता. आईने मोजे दुमडायचे थांबवले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "धाकटी का गं?"

२

धाकटीचं काम लोकांना सांगताना मी फार सोपं करून सांगायचे आणि ती चिडायची. तरी आता पुन्हा सोपंच सांगते.

पृथ्वीचा काळ दगडात साचलेला असतो, थरावर थर. खालचा थर जुना, वरचा नवा. पण एका जागी सगळे थर कधीच मिळत नाहीत. काही झिजून जातात, काही मुळात साचतच नाहीत. म्हणून इथले थर आणि हजारो मैलांवरचे थर शेजारी मांडायचे आणि त्यांच्यात सांगड घालायची. या थरात जो शिंपला आहे तोच त्या थरात आहे का? ही राखेची करडी रेघ तिकडेही दिसते का? दिसली तर दोन्हीकडे तो एकच काळ. जाडी बघायची नाही. एकाच काळात एकीकडे बोटभर साचतं, दुसरीकडे पुरुषभर. "जाडी म्हणजे काळ नव्हे, ताई," ती म्हणायची. "आपले काका बघ ना. इतके जाड, पण झोपेतच गेलं आयुष्य."

आणि काळाचा एखादा विभाग कुठे सुरू झाला हे ठरवायला जगभरातून एकच जागा निवडायची. एका कड्यावर, एका रेघेवर, एक पितळी खिळा. त्यानंतर सगळ्या जगाने आपापल्या थरांची सांगड त्या खिळ्याशी घालायची. तो मान आपल्या खाणीला मिळावा म्हणून माणसं अर्धा जन्म भांडतात.

"आणि शेवटाचा खिळा?" मी एकदा विचारलं होतं.

"शेवटाला खिळा नसतो. आम्ही फक्त सुरुवात ठरवतो. पुढचं सुरू झालं की मागचं आपोआप संपतं."

मला हे हुशारीचं वाटलं होतं आणि मी ते पुस्तकातही घातलं होतं.

एका बंद पडलेल्या दगडखाणीत अशी एक रेघ धाकटीने शोधली होती. खिळ्यासाठी भोक पाडायचं कामही तिचंच. बाहेरची समिती खाण बघायला येणार होती, त्याआधी ते व्हायला हवं होतं. आदल्या आठवड्यात तिचा फोन आला. बोलता बोलता ती नख कुरतडत होती, लहानपणापासूनची सवय. फोनमधून टक् टक् ऐकू यायचं.

"भिंत बोलते गं," ती म्हणाली. "दुपारी ऊन डोक्यावर आलं की वरून टकटक ऐकू येते. वरचा धोंडा सुटलाय. मी साहेबांना म्हटलं, आधी जाळी लावा."

"मग?"

"मग काय? म्हणाले, तू भोक पाड, बाकी मी बघतो."

ती गेल्यावर साहेब घरी आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हात जोडलेले. आईसमोर बसून ते म्हणाले, "फार गुणी मुलगी. तिने हेल्मेट घातलं होतं, आमच्या बाजूने काही कमी नव्हतं. भिंतीबद्दल तिने कधी एका शब्दाने तक्रार केली नाही."

मी तिथेच उभी होते, हातात त्यांच्यासाठी आणलेला पाण्याचा पेला. तो मी त्यांना दिला. आरडाओरडा करणं मला येत नाही. ते पाणी प्यायले.

निघताना त्यांनी कागदात गुंडाळलेला एक तुकडा आईच्या हातात ठेवला. दगडाचा कापून घासलेला चौकोन, पाटीएवढा. "तिनेच कापलेला नमुना. रेघ बघा किती स्पष्ट आहे." आईने तो जसा हातात आला तसाच फडताळावर उभा केला. करडी रेघ तळाजवळ होती आणि तिच्यावर फिकट दगडाचा जाड पट्टा.

३

फडताळावर काही ठेवलं की ते तिथेच राहतं, आमच्याकडे कुणी हलवत नाही. मी रोज सकाळी त्यावरची धूळ पुसायचे. तेवढं एक मी तिच्यासाठी करत होते.

आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी प्रुफं बघत होते. दुपार होती. खिडकीतलं ऊन फडताळापर्यंत आलं होतं. टक्. मग जरा वेळाने टक् टक्. मी मान वर केली. किटली बंद होती. फ्रिजची घरघर वेगळी. पत्र्याचा डबा उन्हाने तापला की आवाज करतो, म्हणून फडताळावरचा डबा मी उचलून स्वयंपाकघरात ठेवला.

टक्.

उठून दगडाला कान लावला. दगड थंड होता. ऊन पडलेलं असूनही थंड होता, पण दगड तापायला वेळ लागतो हे मी स्वतः मुलांना शिकवलेलं आहे. आवाज दगडातून येत नव्हता. त्याच्या जरा पुढे, खोलीत, बसलेल्या माणसाच्या उंचीवरून येत होता.

पलीकडच्या खोलीतून आईचा आवाज आला. झोपेतला, सवयीचा, अजिबात न चढलेला.

"बोट काढ तोंडातून."

आवाज थांबला.

मी आईच्या खोलीत गेले. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. आयुष्यभर तिने हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हटलेलं आहे. म्हाताऱ्या माणसाच्या झोपेत ते आलं, यात काय नवल? आणि डबा मी हलवला होताच. तो निवला असणार.

डबा स्वयंपाकघरात होता हे मला नंतर सुचलं.

त्यानंतर दुपारचं जेवण आम्ही लवकर उरकायला लागलो. दोघींपैकी कुणीच का ते विचारलं नाही. ऊन फडताळाशी आलं की मी रेडिओ लावायचे. आई म्हणायची, "जरा बारीक कर गं, काही ऐकू येत नाही." काय ऐकायचं आहे, हे मी विचारायचे नाही.

४

मग रेघा दिसायला लागल्या.

पहिली किटलीत. त्या दिवशी अर्धवट टाकलेलं घासणं मी पुन्हा हातात घेतलंच नव्हतं. आता तळाचा एक खवला आपोआप सुटून चहात आला. फेकून देणार होते, पण धाकटीचं भिंग खिडकीतच होतं. पांढऱ्यावर पांढरं, आणि मध्ये केसासारखी करडी रेघ. किटली घासताना बातमी आली, व्हिनेगर आत तसंच राहिलं, त्याचा डाग. मला पटलं.

दुसरी साबणात. आई जुन्या साबणाची चकती नव्या वडीला चिकटवते. धाकटी त्याला 'आईचा खंड' म्हणायची. दोन थरांच्या मधला सगळा काळ गायब, फक्त एक मळकट सांधा. पण या सांध्याच्या वर, नव्या वडीच्या अंगात आणखी एक करडी रेघ होती. कारखान्यातला दोष. तेही पटलं.

तिसरी माझ्या नखांवर. दहाही नखांवर, मधोमध, आडवी. दाबली की जराशी खोलगट लागायची.

डॉक्टर म्हणाले, "असं होतं. मोठा धक्का बसला की नखाची वाढ काही दिवस अडते. मग पुन्हा सुरू होते आणि तेवढी रेघ उरते. नख मुळाशी वाढतं, तसतशी रेघ टोकाकडे सरकेल. मग कापून टाका, विषय संपला."

"आईच्याही नखांवर आहे," मी म्हटलं.

"असणारच. त्यांची मुलगी गेली."

हे ऐकून मला बरं वाटलं. घरी येऊन आईचा हात माझ्या हाताशेजारी धरला. तिची रेघ आणि माझी रेघ एका ओळीत आली. सांगड घालणं म्हणजे याहून वेगळं काय? एकच रेघ दोन ठिकाणी, म्हणजे एकच दिवस. धाकटीला हे दाखवायला हवं होतं असं मनात आलं, आणि त्याच क्षणी तिने काय म्हटलं असतं तेही आलं. माझं नको बघू, ताई. मी नखं खाते. माझ्या नखात इतिहास टिकत नाही.

कंपास तिचे बूट द्यायला आला तेव्हा मी त्याचेही हात बघितले. मधोमध. तोही तिथेच.

"काय झालं, ताई?"

"काही नाही. चहा घेणार?"

"साहेबांनी तुम्हाला ऑफिसात बोलावलंय," तो खाली बघत म्हणाला. "खिळ्याचा कार्यक्रम ठरलाय. धाकटीच्या नावाची पाटी लावणार आहेत."

आई दारात उभी होती. "दगडावर नाव?" ती म्हणाली. "मग मी जाणार."

"आई, त्या भिंतीखाली?"

"माझी पोर त्या भिंतीखाली गेली, थोरले. मला एकदा बघायची आहे ती."

५

साहेबांच्या ऑफिसात भिंतीवर काळाचा मोठा तक्ता होता. रंगीत पट्टे, खालून वर. तळाशी अतिप्राचीन, माथ्यावर आजचा काळ, बोटभर. साहेबांची खुर्ची बरोबर तक्त्याखाली. मला हसू आलं. पृथ्वीचा सगळा इतिहास त्यांच्या डोक्यावर येऊन संपत होता.

"तुम्ही लेखिका आहात," ते म्हणाले. "दोन शब्द बोलावेत. फार काही नको. तिचं कामावरचं प्रेम, हे एक दुर्दैव, आणि संस्था पाठीशी उभी राहिली."

"कुणाच्या पाठीशी?"

"म्हणजे?"

"ती गेल्यावर कुणाच्या पाठीशी उभी राहिली संस्था?"

ते ओशाळून हसले. "मॅडम, तुमचं दुःख मी समजू शकतो."

माणसं असं म्हणतात तेव्हा माझ्या कानशिलाची शीर उडते. मी बॅगेचा पट्टा घट्ट धरला आणि खाली बघितलं. टेबलाच्या काचेवर त्यांचे दोन्ही पंजे पसरलेले होते. स्वच्छ, कापलेली नखं. दहाही नखांवर करडी रेघ होती.

पण मधोमध नव्हती. अगदी मुळाशी, मांसातून नुकतं डोकं काढावं तशी.

बाहेर ऊन होतं. साहेबांच्या मागे, तक्त्यामागच्या भिंतीत, टक् असा आवाज आला. त्यांनी मान वळवली नाही. पुन्हा आला, तरी त्यांना तो ऐकू आला नाही.

मी त्या रेघेकडे बघत राहिले. खालचा थर जुना, वरचा नवा. हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलं आहे की ते मला विचार न करता येतं. आमच्या सगळ्यांची रेघ मध्यावर, यांची तळाला. म्हणजे यांचा तो दिवस आमच्या आधीचा. आम्हाला बातमी कळायच्या कितीतरी आधी या माणसाला माहीत होतं. डॉक्टर काय म्हणाले होते ते रागाच्या भरात पार डोक्याबाहेर गेलं.

"तुम्हाला आधीच माहीत होतं," मी म्हटलं.

पंजे काचेवरून उठले आणि टेबलाखाली गेले.

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच. आत्ता."

"हे बघा," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातलं तूप गेलं. "खाणीत आवाज होतातच. प्रत्येक पोरगी येऊन भिंत बोलते म्हणाली आणि मी काम थांबवत बसलो, तर झालंच."

भिंत बोलते. हे तिचे शब्द होते. एका शब्दाने तक्रार केली नव्हती म्हणे.

मी उठले. "आता तरी जाळी लावलीत का?"

"वेळ कुठे आहे? एक मिनिटाचं काम आहे. शिडी चढायची, खिळा ठोकायचा, रेघेवर बोट ठेवून फोटो. मी स्वतः चढणार आहे, मॅडम. म्हणजे बघा, किती खात्री आहे मला. तेवढी इच्छा असेल तर तुम्हीही या शिडीवर. बहीण म्हणून."

रेघेवर बोट ठेवून फोटो काढायची त्यांच्यात पद्धत आहे. एक बोट एका काळात, दुसरं दुसऱ्यात. धाकटीचा तसा फोटो नाही. तिचं भोक पाडून झालं तेव्हा फोटो काढणारा जेवायला गेला होता.

६

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी कंपासला म्हटलं, "मला आधी एकटीने बघायचंय."

"एकटीने कशाला? मी आहे ना."

"तू लांब उभा राहा."

खाण म्हणजे जमिनीत कापलेली एक खोली होती, वर छत नसलेली. तळाशी जुनी पटरी, गंजलेला पंप, झुडपं. समोरची भिंत सरळ उभी. मध्यापासून खाली फिकट, वर काळपट, आणि दोन्हीच्या मध्ये ती रेघ. इतकी बारीक गोष्ट इतक्या लांबून दिसते याचं मला आश्चर्य वाटलं. भिंतीला टेकवलेली शिडी उद्यासाठी आधीच बांधून ठेवली होती. त्या दिवशी वरून पडून फुटलेल्या दगडांचा ढीग एका बाजूला सारून खाली लाल गालिचा अंथरला होता. गालिचा. मी तो पायाने बाजूला केला.

"ताई, वर नको," कंपास लांबून ओरडला. "ऊन डोक्यावर आलंय."

टक्.

वर बघितलं. धोंडे हलत नव्हते. टक् टक्. उन्हाने दगड फुगतो, फटीत माती असते, ती कोरडी होऊन सुटते. मी हे वाक्य मनात नीट जुळवलं आणि शिडी चढले. मला उंचीची भीती वाटते, पण त्या वेळी रागापुढे दुसऱ्या कशाला जागा नव्हती.

रेघ माझ्या तोंडासमोर आली. खालच्या दगडात बारीक शिंपले, एकमेकांवर गच्च. वरच्या काळ्या दगडात एकही नाही. आणि रेघेवर भोक, बोटाएवढं, कडा स्वच्छ. तिच्या हातचं काम. ती भाजीसुद्धा अशीच चिरायची.

टकटक आता भिंतीच्या आतून, अगदी जवळून येत होती. नेहमीची लय. दोनदा, थांबून एकदा. परीक्षेच्या आधी ती असंच करायची.

मी भोकात बोट घातलं.

का घातलं ते मला सांगता येणार नाही. तिने शेवटी हात लावलेली जागा होती. आत गार, खरखरीत, मग गुळगुळीत. बोट दुसऱ्या पेरापर्यंत गेलं आणि समोरून कशाला तरी लागलं.

गरम होतं. मऊ, आणि मऊ भागाच्या टोकाला एक कडा. खरबरीत, वेडीवाकडी, अगदी आत मांसापर्यंत गेलेली कडा. दातांनी कुरतडलेल्या नखाची असते तशी.

टकटक थांबली होती. साहजिकच. बोट इकडे होतं.

माझ्या बोटाच्या टोकावर ते टोक जरा वेळ तसंच टेकून राहिलं. मग त्याने मला ढकललं. जोरात नाही. लहान मूल हातातला घास नको म्हणून सारतं तसं, पण ठामपणे, बाहेर.

मी खाली आले. कशी आले ते आठवत नाही.

"काय झालं?" कंपास धावत आला. "ताई, बोटाला रक्त आहे."

"कडा लागली," मी म्हटलं. भोकाच्या कडा स्वच्छ होत्या हे त्याने बघितलं नव्हतं. मी बघितलं होतं. गाडीत बसल्यावर मी स्वतःला समजावत राहिले. उन्हात तापलेला ओला मातीचा गोळा. एखादा सरडा. सरडाच असेल.

सरड्याला ती सवय नसते, एवढंच.

७

घरी आले तेव्हा आई फडताळावरचं सामान पुसत बसली होती. दगड तिच्या मांडीवर उलटा पडला होता, मागची न घासलेली बाजू वर.

"थोरले, यावर काही काढलंय बघ."

खडूसारख्या पांढऱ्या पेन्सिलने काढलेला बाण. धाकटीचा बाण, शेपटीला छोटी गाठ असलेला. नमुना काढला की त्यावर आधी हा बाण काढतात, वरची बाजू कुठली ते कळावं म्हणून. बाणाशिवाय दगड मुका, ती म्हणायची. उलटा धरलास तर तो खोटंही बोलेल, आणि चूक तुझीच.

आम्ही ज्या बाजूवर दगड उभा केला होता, बाणाचं टोक त्या बाजूकडे होतं. साहेबांनी उलटा दिला, आईने उलटा ठेवला, मी रोज उलटा पुसला.

मी तो फिरवून फडताळावर ठेवला. रेघ तळाशी होती ती माथ्याजवळ गेली. खाली फिकट दगड, शिंपल्यांनी भरलेला, जाड. मग रेघ. आणि रेघेच्या वर थोडंसं काळं, रिकामं. इतके दिवस मी समजत होते, रेघ जुनी आणि तिच्यावर कितीतरी साचलेलं. तसं नव्हतंच. रेघ आत्ताची होती.

मी खाली बसले. माझी नखं मांडीवर होती. रेघ आता मध्याच्या जरा पुढे, टोकाकडे सरकलेली. डॉक्टर म्हणाले होते तशी. नख मुळाशी वाढतं. म्हणजे नखात नवं खाली असतं आणि जुनं वर. नख हा उलटा ठेवलेला दगड आहे. आणि मी, मुलांना थर शिकवणारी, तो पुस्तकातल्या नियमाने वाचत बसले होते.

साहेबांची मुळाशी आलेली रेघ आमच्या आधीची नव्हती. आमच्या नंतरची होती. आमचा दिवस त्यांच्या नखांवर उमटलाच नव्हता, त्या दिवशी त्यांचं काहीच अडलं नव्हतं. ती दुसऱ्याच दिवसाची रेघ होती, आणि तो दिवस नुकता मांसातून वर येत होता.

"काय गं, पांढरी पडलीस," आई म्हणाली.

"उद्या आपण जायचं नाही."

मला वाटलं, भांडेल. तिने दगडाकडे बघितलं, मग त्याच्या पुढच्या रिकाम्या जागेकडे, बसलेल्या माणसाच्या उंचीवर.

"तीही नको म्हणतेय," आई म्हणाली आणि फडकं झटकायला उठली.

८

सकाळी मी कंपासला फोन केला.

"खुर्च्या कुठे मांडल्यात?"

"गालिच्याच्या दोन्ही बाजूंना. का?"

"उचल. सगळ्या वर, झाडाखाली ने. ऊन लागतं, पाहुण्यांना त्रास होतो म्हण. आणि तू गाडीपाशी थांब."

"मी फोटो काढणार होतो."

"लांबून काढ."

वाट विचारली नसतानाही त्याला दिशा कळली असावी. "ताई," तो हळूच म्हणाला, "आणि साहेब?"

"साहेबांचं साहेब बघतील."

'बाकी मी बघतो' हे साहेबांचे शब्द त्याला आठवले असतील. त्याने फोन ठेवला.

मी किटली घासायला घेतली. व्हिनेगर ओतलं, उकळलं, काथ्याने तळ घासला. पुटं सहज निघत होती. एकही खवला भिंगाखाली धरला नाही. आई पलंगावर बसली होती, हात मांडीवर. खिडकीतलं ऊन जमिनीवरून सरकत फडताळाच्या पायाशी आलं. तिकडे खिळा ठोकायची वेळ झाली होती.

टेबलावर फोन होता. साहेबांचा नंबर त्यात आहे, त्यांनी स्वतःच दिला होता, काही लागलं तर केव्हाही करा म्हणून. मी काय सांगितलं असतं? तुमच्या नखांवर रेघ आहे? भिंत बोलते? हे शब्द त्यांना याआधी एकदा सांगून झाले होते. ज्या मुलीने सांगितले ती माझ्याहून जास्त शिकलेली होती, ती भिंत तिला पाठ होती, आणि तिला त्यांनी सांगितलं होतं, तू भोक पाड. एवढं सगळं मी व्यवस्थित, एकापुढे एक मांडलं. मांडणी चांगली झाली. तरी तिच्याखाली जे होतं ते तसंच होतं, करडं आणि थंड, आणि त्याला मी दुसरं नाव देणार नाही.

टक्, खोलीत आवाज आला. टक् टक्.

आई या वेळी काही बोलली नाही.

ऊन दगडावर चढलं. रेघ उजळली. टक् टक्, थांबून टक्. आणि मग मध्येच, लय अर्धी सोडून, आवाज बंद झाला. तिने बोट तोंडातून काढलं होतं. तिकडे खाणीत, दुसऱ्या कशासाठी तरी ते हवं होतं.

मी किटली धुऊन पालथी घातली. साहेबांना फोन मी केला नव्हता.